गाडीच्या गॅसमध्ये घासाघीस नको

आपल्याकडे गाडीचा एसी बंद पडला तर माणूस काच खाली करतो आणि पुढे निघतो. ओमानमध्ये तसं चालत नाही. जून 2018 मध्ये मस्कतजवळच्या कुरियातला एका दिवसाचं तापमान 42.6 अंशांच्या खाली उतरलंच नव्हतं. रात्रीसुद्धा नाही, बरं का!

तरीही इथली बरीच मराठी मंडळी जुन्या गाड्या, विशेषतः नव्वदच्या आसपासच्या लँड क्रूझर, जिवापाड जपतात. मीही त्यातलाच. या गाड्यांच्या एसीत मुळात आर-12 गॅस असायचा. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबलं. विकसनशील देशांना 2010 पर्यंतची मुदत होती. नव्या गाड्यांत नव्वदच्या दशकातच आर-134ए आला. म्हणजे जुन्या गाडीचा एसी दुरुस्त करायचा तर गॅस बदलणं आलंच.

माझी तक्रार बदलण्याच्या पद्धतीबद्दल आहे. बऱ्याच गॅरेजमध्ये "अर्ध्या तासात देतो" म्हणतात. उरलेला गॅस हवेत सोडायचा, त्याच पाइपांत नवा भरायचा, झालं काम. एसी काही दिवस चालतोही. पण जुन्या कॉम्प्रेसरमधलं मिनरल ऑइल आर-134ए मध्ये मिसळत नाही. ते सिस्टिममध्ये कुठेतरी साचून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एक दिवस जाम होतो.

नीट काम म्हणजे काय? जुना गॅस मशीनने काढून सिलिंडरमध्ये घ्यायचा. आतलं ऑइल धुऊन काढायचं आणि नव्या गॅसला चालणारं घालायचं. ओ-रिंग आणि ड्रायर बदलायचे. व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल काढायची, मगच गॅस भरायचा, तोही वजन करून. साधारणपणे आर-12 च्या वजनाच्या 80 ते 90 टक्के पुरतो. "जास्त भरा, जास्त थंड होईल" हा शुद्ध गैरसमज. उन्हाळ्यात आर-134ए चं प्रेशर आर-12 पेक्षा वर जातं, त्यामुळे इथल्या उन्हात मोठा कंडेन्सर आणि दमदार पंखा लावून घेतलेला बरा. शेवटी कुठला गॅस आणि कुठलं ऑइल घातलं याचं स्टिकर बॉनेटखाली हवं.

खर्च जास्त येतो, मान्य. पण स्वस्तात "आर-12 च्या जागी चालतो" म्हणून जे विकलं जातं, त्यात कधीकधी प्रोपेन-ब्युटेन असतं. म्हणजे स्वयंपाकाचाच गॅस! तो केबिनमध्ये गळला तर? आणि नकली माल हा काही कल्पनेतला बागुलबुवा नाही. 2011 मध्ये भेसळीच्या गॅसमुळे रेफ्रिजरेटेड कंटेनरच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन कामगार दगावले होते.

खरीफच्या दिवसांत आपण आई-बाबांना, पोरांना घेऊन सलालाला निघतो. हजारेक किलोमीटरचा रस्ता, आदमच्या पुढे हैमापर्यंत नुसतं वाळवंट. तिथे एसी गेला तर वाचवलेले रियाल काय कामाचे? आपण निदान गॅरेजवाल्याला चार प्रश्न विचारू शकतो. साइटवरच्या जुन्या पिकअपमधून जाणाऱ्या आपल्या कामगारांना तेही शक्य नसतं. आपल्यापैकी जे कंपन्यांत वाहनांचं बघतात, त्यांनी हे काम सगळ्यात स्वस्त कोटेशनवर सोडू नये.

आणखी एक. आर-134ए ओझोनला अपाय करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस आहे. म्हणून 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्याच्यावरही मर्यादा आणल्या. तेव्हा गॅस काढून घेणारं मशीन ज्याच्याकडे नाही, त्याच्या हाती गाडी देऊच नका. उन्हाने होरपळणाऱ्या देशात राहून आपणच ऊन वाढवायचं, हे काही बरोबर नाही.