पालं उठवा म्हणणाऱ्यांना

आमच्या लेआऊटच्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर दिवाळीनंतर सहा पालं पडली होती. गाडी लोहारांची. दरवर्षी येतात. भाता, ऐरण, विळे, कुऱ्हाडी, दोन-तीन शेळ्या आणि पोरंबाळं. प्लॉट खाजगी आहे, मालक पुण्याला असतात. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी तोंडी "बसा" म्हटलं होतं, तेवढ्यावर चाललं होतं. यंदा प्लॉट विकायचा ठरला. एका सकाळी चार माणसं आणि एक ट्रॅक्टर आला आणि दोन तासांत प्लॉट साफ! चूल पेटलेली होती, ती पाणी ओतून विझवली.

लेआऊटच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. "अतिक्रमण हटले, अभिनंदन!" तिथे काही लिहू नकोस, उगाच भांडणं होतील, असं बायको म्हणाली. म्हणून इथे लिहितोय. इथे भांडायला जागा भरपूर आहे :-)

आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो. जमीन मालकाची आहे. त्याला ती विकायचा, रिकामी करून घ्यायचा पूर्ण हक्क आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते "मालकाची जमीन आहे ना, मग प्रश्नच मिटला" असं म्हणणाऱ्यांशी. कारण प्रश्न तिथे मिटत नाही. आपला कायदासुद्धा तसं म्हणत नाही.

1882 चा सुखाधिकार कायदा बघा. कोणी आपल्या जमिनीवर परवानगीने बसला असेल आणि ती परवानगी तुम्ही काढून घेतली, तर त्याला निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. दोन तास हा वाजवी वेळ आहे का, हे ज्यांनी बदलीच्या वेळी घर हलवलंय त्यांनी सांगावं. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं सहावं कलम तर आणखी पुढे जातं. कायद्याची वाट सोडून कुणाचा ताबा काढून घेतला, तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथे गैरलागू ठरतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2003 मध्ये रामे गौडा खटल्यात सांगितलं की स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, तो अगदी अतिक्रमक असला तरी, मालकाने स्वतःच्या बळावर हुसकावता येत नाही.

पण खरी गोम त्या "स्थिर" शब्दातच आहे. वर्षातून तीन महिने येणाऱ्याचा ताबा स्थिर कसा म्हणायचा? खाजगी जमिनीवर बारा वर्षं उघडपणे, सलग आणि मालकाचा हक्क झुगारून बसला तर कब्जेदाराला हक्क सांगता येतो. जो माणूस "बसा" म्हटल्यावर बसतो आणि माघ संपला की उठून जातो, त्याला काहीच मिळत नाही. म्हणजे जो दांडगाई करून बसून राहतो त्याला कायद्यात वाट आहे, आणि जो दरवर्षी शिस्तीत उठून जातो त्याला नाही. हा कुठला न्याय?

आता जरा इतिहास. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. ज्या जमाती फिरतात त्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का. हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. तो कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला गेला. तेव्हा फिरलात म्हणून गुन्हेगार होतात, आता थांबलात म्हणून अतिक्रमक. मग या माणसांनी करायचं काय? हवेत राहायचं?

रेणके आयोगाने 2008 च्या अहवालात नोंदवलंय की भटक्यांपैकी 98 टक्के आणि विमुक्तांपैकी 89 टक्के लोकांकडे स्वतःची जमीन नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही तो जिथे बसेल ती जमीन कुणा दुसऱ्याचीच असणार ना! सरकारी जागेवर बसला तर सरकार उठवणार, खाजगी जागेवर बसला तर मालक.

"सरकारच्या योजना आहेत की," असं काका म्हणतील. आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना 2011 पासून आहे. कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि 269 चौरस फुटांचं घर. छान योजना आहे. पण तिच्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजोबा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरला, त्याने आजोबा 1961 साली कुठे राहत होते याचा कागद आणायचा. माझ्या स्वतःच्या आजोबांचा असा कागद शोधायचा तर मला घाम फुटेल, आणि आमचं तर वाड्याचं घर होतं.

आणि अतिक्रमण या शब्दाबद्दल आपण नागपूरकरांनी तरी जरा जपून बोलावं. 572 लेआऊट आणि 1900 लेआऊट हे आकडे या शहरात कुणाला माहीत नाहीत? आपल्या निम्म्या नातेवाइकांची घरं तिथेच आहेत. शेतजमिनीवर परवानगी न घेता प्लॉट पाडले, आपण ते घेतले, घरं बांधली, आणि मग नासुप्रच्या दारात आरएलसाठी चकरा मारल्या. 2001 चा गुंठेवारी कायदा आपल्यासाठीच आला. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट नियमित करायची सोय झाली. आपण जमीन विकत घेतली होती, हा फरक मला मान्य आहे. पण नियम आपणही मोडला होता, आणि सरकारने आपल्यावर ट्रॅक्टर न घालता कायदा बदलला. मावशी, रागावू नका, पण खरं ते खरं.

राहिला चोऱ्यांचा मुद्दा. "हे लोक आले की चोऱ्या वाढतात." कुणी आकडे दिलेत? एक तक्रार दाखवा. या एका वाक्याने काय होतं ते आपल्या शहराने पाहिलंय. मे 2012 मध्ये इथे कळमना भागात नाथजोगी समाजातल्या तिघांना जमावाने चोर समजून ठार मारलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडून आलेले. अफवा ग्रुपवरच सुरू होतात, हे लक्षात असू द्या.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या डेल फार्मवरून 2011 मध्ये फिरस्त्या कुटुंबांना हुसकावलं. गंमत म्हणजे ती जमीन त्यांनी स्वतः विकत घेतलेली होती, फक्त तिथे राहायची परवानगी नव्हती. जमीन नाही म्हणूनही हाकलतात आणि जमीन घेतली तरी हाकलतात! पण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2004 मध्ये कॉनर्स खटल्यात ब्रिटनला सुनावलं होतं की या लोकांची राहण्याची रीत वेगळी आहे, तिला वाव देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. आपल्याकडे एवढं तरी कुणी म्हणावं.

मागणं फार नाही. खाजगी जागेवरून उठवायचं तर लेखी सूचना आणि निदान पंधरा दिवस. हातात ट्रॅक्टरची किल्ली घेऊन नाही. मुलांची परीक्षा किंवा भर पावसाळा असेल तर थांबा. आणि महापालिकेने शहराच्या चारी दिशांना पालांसाठी एकेक मोकळी जागा राखावी, तिथे नळ, दिवा आणि संडास असावेत. तीन-चार महिने राहा, ठरलेलं भाडं द्या, पुढे जा. म्हणजे मालकांच्या डोक्याचा ताप जाईल आणि यांचीही चूल कुणी विझवणार नाही.

"एवढी सोय कशी होणार?" असं म्हणू नका. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन येतं तेव्हा राज्यभरातून आलेले पोलीस, अधिकारी आणि आमदार या शहरात राहतात. सगळ्यांच्या झोपण्याची, पाण्याची व्यवस्था होते, आणि काम संपलं की सगळे निघून जातात. थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसांना कसं ठेवायचं हे नागपूरला चांगलं जमतं. फक्त कुणासाठी, एवढाच प्रश्न आहे.