तारल्यातलं तेल कुठून येतं?



पावसाळा सरल्यावर चांगलं तारलं तव्यावर टाकलं की तेल सुटतं. एखाद्या वर्षी सुटत नाही. मग बाजारात पाटी घेऊन बसलेल्या आमच्या बायका म्हणतात, "यंदा तारल्यात दम नाही." मासा तोच, मग तेल गेलं कुठं?

याचं उत्तर शोधायची रीत आम्हाला फार लांब सापडली. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर काँग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. तिच्या काठावर २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे. ते चालवते आपल्या वास्कोची ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था. २०१४ मध्ये त्या खाडीत सुमारे १९० मीटर पाण्यात 'इंडआर्क' हे यंत्र नांगरलं. पाण्याची ऊब आणि खारटपणा ते वर्षभर मोजतं.

तिथे हिवाळ्यात जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नाही. उजेड परतला की डोळ्यांना न दिसणारं डायटम नावाचं शेवाळ पाण्यात वाढतं. ते खातो कॅलेनस, आपल्या जवळ्याहूनही बारीक जीव. खाल्लेल्याचं तो अंगात तेल करून ठेवतो. त्या तेलावर मासे आणि पक्षी जगतात.

पण अटलांटिकचं उबदार पाणी आता जास्त आत शिरतं. २००६ पासून हिवाळ्यातला बर्फ खूप कमी झालाय. त्या पाण्याबरोबर दक्षिणेकडचा कॅलेनस येतो. तो लहान, आणि त्याच्यात तेल कितीतरी कमी. लिटल ऑक नावाच्या पक्ष्याला पिल्लाचं पोट भरायला मग जास्त खटपट करावी लागते. म्हणजे नुसते जीव मोजून भागत नाही, त्यांच्यात तेल किती तेही बघावं लागतं.

कोणी म्हणेल, बर्फातल्या खाडीशी आमचा काय संबंध? पाणी वेगळं आहे, मान्य. पण आमचं तारलंही डायटमवरच पोसतं. मासळी कमी झाली की आम्ही शेजारच्या ट्रॉलरला, पर्ससीनवाल्याला बोल लावतो. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्यांना आमची माफी नाहीच. तरी जाळ्यात न येणारं काय बदललंय, हेही विचारायला हवं.

आमचं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, शास्त्रज्ञांनी १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या दिवसांत जेटीवर यावं आणि आपल्या समुद्रातल्या या बारीक जिवांबद्दल मराठी-कोकणीत सांगावं. दोन, प्रत्येक तांडेलानं होडीवर एक वही ठेवावी: तारीख, जागा, पाण्याचा रंग, मासळी किती, तारल्यात तेल आहे की नाही. पाच वर्षांच्या अशा वह्या घेऊन बैठकीला गेलो, तर आमचं बोलणं कोणी उडवून लावणार नाही.

तुमच्याकडे यंदा तारल्याला तेल कसं होतं? खाली जरूर लिहा.