पोतदार गेला, बट्टा राहिला

वारसाच्या नोंदीसाठी जुने कागद काढले की खापरपणजोबाच्या नावापुढे कधी 'पोतदार' असा शब्द निघतो. तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, हा धंदा तरी कसला? पोती शिवण्याचा?

नव्हे. फारसीत फोतेदार म्हणजे वसुलाचा पैसा सांभाळणारा. त्याचाच मराठीत पोतदार झाला. सरकारभरण्याला आलेले नाणे खरे की खोटे, चांदी किती, झीज किती, हे तो पारखी. पुष्कळ गावी हे काम सोनाराकडेच असे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशी नाना टाकसाळींची नाणी चालत. नाणे हलके ठरले की त्यावर बट्टा कापला जाई. तो भरायचा कोणी? कुणब्याने! ज्वारी पिकवायची त्याने, ती विकून रोकड आणायची त्याने आणि नाणे झिजले त्याचा भुर्दंडही त्यानेच सोसायचा.

1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया लागू केला. हळूहळू पोतदाराचे काम सरले. आडनाव तेवढे उरले.

शेतकरी भावांनो, पारख मात्र सरली नाही. तेव्हा नाणे पारखत, आता माल पारखतात. हमीभावाच्या कापूस खरेदीत 8 टक्के ओलावा धरून भाव असतो. त्यावर प्रत्येक टक्क्याला भाव टक्क्याने उतरतो आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. म्हणजे यंत्राने 8 ऐवजी 10 दाखवले, तर 10 क्विंटलमागे 20 किलोचे पैसे गेले. दवात वेचलेला कापूस ओला भरतो, हे शास्त्र आम्हालाही मान्य आहे. म्हणून दव उडाल्यावर वेचा, वाळवूनच गाडी भरा. पण यंत्र बरोबर आहे हे कोणी तपासायचे? पावसाने काळी पडलेल्या ज्वारीची प्रत कोणी ठरवायची? घेणारानेच?

पारखीला आमचा विरोध नाही. पारखी घेणाराच्या पदरचा आणि बट्टा देणाराच्या माथी, या रीतीला विरोध आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे: ओलावा शेतकऱ्यासमोर मोजा, आकडा पावतीवर लिहा, वाद झाला तर दुसऱ्या यंत्रावर फेरमोजणी करा. आणि गावोगावच्या शाखांनी वर्गणी काढून स्वतःचे ओलावामापक यंत्र घ्यावे. माल घरून निघण्याआधीच त्याचा आकडा आपल्या हाती असला पाहिजे.

आपला पोतदार आता आपणच नेमला पाहिजे.