फीडर वाटी भरेल. मांजराने खाल्ले का, हे कोण पाहणार?

गौरी-गणपतीसाठी पाच-सात दिवस गावी जायचे, तर घरातल्या मांजराचे काय करायचे? मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्या घरांत कोकण रेल्वेचे आरक्षण हाती पडले की लगेच हा प्रश्न उभा राहतो. कुत्र्याला गाडीत बसवून नेता येते. मांजराला स्वतःचा कोपरा सोडून नऊ-दहा तासांचा प्रवास नको असतो आणि गावच्या घरी पाहुण्यांच्या गर्दीतून ते पळून जाण्याची धास्तीही असते. आतापर्यंत यावर एकच उत्तर होते, शेजारच्या काकूंकडे चावी. अलीकडे दुसरे उत्तर काही हजार रुपयांत घरपोच मिळते. त्याचे नाव ऑटोमॅटिक फीडर. ठरलेल्या वेळी ठरलेले खाद्य वाटीत टाकणारे हे यंत्र काकूंची जागा घेऊ शकते का?

यंत्र चालते कसे?

रचना अगदी साधी आहे. वर कोरड्या खाद्याचा डबा, खाली वाटी आणि दोहोंच्या मध्ये कप्पे पाडलेले एक चाक. वेळ झाली की छोटी मोटर हे चाक फिरवते आणि एका कप्प्यात मावतील तेवढे दाणे घसरून वाटीत पडतात. बहुतेक यंत्रांत दाणे पडतात त्या वाटेवर इन्फ्रारेड सेन्सर असतो. दाणे अडकले किंवा डबा रिकामा झाला तर तो इशारा देतो. मोबाइल ॲपवरून वेळापत्रक ठरवायचे, हवे तर घरबसल्या आणखी एक माप सोडायचे. काही मॉडेल्सना कॅमेरा आणि माइकही असतो, म्हणजे रत्नागिरीहून ठाण्यातल्या मांजराला हाक मारता येते. मांजर त्या हाकेला ओ देईलच असे नाही.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. यंत्र खाद्य तोलत नाही, मापते. ॲपवर ‘१० ग्रॅम’ असे दिसत असले तरी तो एका कप्प्यात मावणाऱ्या दाण्यांचा अंदाज असतो. दाणे लहान असतील तर जास्त मावतात, मोठे असतील तर कमी. त्यामुळे यंत्र घरी आल्यावर पहिले काम स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायचे. दहा मापे सोडावीत, एकत्र तोलावीत आणि दहाने भागावे. नसबंदी झालेल्या, चार किलो वजनाच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाचे ५५-६० ग्रॅम झाले. एका मापात दोन ग्रॅम जास्त पडले आणि दिवसाला सहा मापे असली, तर रोज १२ ग्रॅम जादा. मांजराच्या हिशेबात हा पाचवा हिस्सा आहे.

मांजराच्या स्वभावाला मात्र ही पद्धत मानवते. मांजराचे पूर्वज उंदरांसारखी छोटी शिकार दिवसभरात अनेकदा करत, त्यामुळे थोडे-थोडे आणि वारंवार खाणे ही त्याची मूळ रीत. सकाळ-संध्याकाळ दोन मोठ्या वाट्या ही माणसाची सोय झाली. अमेरिकेतील मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१८ मध्ये खाणे देण्याच्या पद्धतींवर एक निवेदन काढले होते. त्यातही लहान-लहान जेवणांवर भर होता आणि त्यासाठी स्वयंचलित फीडरचा पर्याय सुचवलेला होता. घरात माणसे असतानाही हे यंत्र उपयोगी पडते. पहाटे पाच वाजता मालकाच्या छातीवर बसणारे मांजर काही दिवसांनी यंत्रासमोर जाऊन बसू लागते.

मग अडचण कुठे?

अडचण फोनवर येणाऱ्या त्या छोट्या संदेशात आहे. ‘खाद्य दिले’ असे तो सांगतो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की चाक फिरले आणि दाणे पडले. मांजराने ते खाल्ले का, हे बहुतेक यंत्रांना कळत नाही. वाटीखाली वजनकाटा असलेली यंत्रे आहेत, पण ती थोडी आणि महाग. आणि मांजराच्या बाबतीत ‘खाल्ले का’ हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, कारण आजारी मांजर ओरडत नाही. ते पलंगाखाली जाऊन बसते आणि खाणे सोडते. घरच्यांना पहिली चाहूल लागते ती भरलेल्या वाटीवरून.

माणसाने दोन दिवस उपास केला तर फार बिघडत नाही. मांजराचे तसे नाही. खाणे थांबले की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवू लागते आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी निस्तरता येत नाही. ती तिथेच साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. काही दिवसांच्या उपाशीपणातून हे घडू शकते, लठ्ठ मांजरात धोका अधिक. म्हणूनच पूर्ण एक दिवस काहीही न खाल्लेले मांजर डॉक्टरांना दाखवावे असे पशुवैद्यक सांगतात. आता पाच दिवसांच्या सहलीचे गणित मांडून पाहा. पहिल्या रात्री मांजराने खाणे सोडले, तर यंत्र पुढचे चार दिवस वेळेवर दाणे टाकत राहील, वाटीतला ढीग वाढत जाईल आणि फोनवर सगळे सुरळीत दिसेल.

बोक्यांबाबत तर वेळ याहून कमी असतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट स्रावाचा गोळा अडकून ती पूर्ण बंद झाली, तर रक्तात पोटॅशियम वाढते, हृदयावर परिणाम होतो आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाणे, कुंथणे आणि बॉक्स कोरडाच राहणे ही त्याची लक्षणे. घरात माणूस असेल तर ती काही तासांत ध्यानात येतात. मांजरांना होणाऱ्या मूत्राशयाच्या दाहामागे मानसिक ताण हे एक कारण असते, आणि घरातली सगळी माणसे एकाएकी नाहीशी होणे हा ताणच. म्हणजे लक्ष ठेवायला कोणी नसते, नेमके तेव्हाच लक्ष ठेवण्याची गरज वाढलेली असते.

त्यात कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश जेमतेम दहा टक्के, तर पाकिटातल्या ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. कोरड्या प्रदेशातल्या रानमांजरांचे वंशज असल्याने घरची मांजरे मुळातच कमी पाणी पितात. बरीचशी फीडर फक्त कोरडे खाद्य देऊ शकतात, कारण ओले खाद्य आपल्या हवेत काही तासांत खराब होते. बर्फाची पिशवी ठेवायची सोय असलेले झाकणवाले फीडर मिळतात, ते फार तर एखाद-दुसरे जेवण सांभाळतात. तेव्हा रोज ओले खाद्य खाणाऱ्या मांजराला यंत्रावर सोडून जाणे म्हणजे त्याचे पाणीही कमी करणे.

मेन स्विच बंद करून निघताय?

गावी निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करायचा, ही मराठी घरांतली जुनी आणि शहाणपणाची शिस्त. फीडर असलेल्या घरात तीच अंगाशी येते. दाराबाहेर पडताना सवयीने हात मेन स्विचवर जातो आणि यंत्र बॅटरीवर येते. बहुतेक फीडरमध्ये जाड सेल घालायची सोय असते, पण सेल बहुधा स्वतःचे स्वतः विकत आणावे लागतात आणि ते काम राहून जाते. सेल असले तरी वीज गेल्यावर बऱ्याच यंत्रांत फक्त वेळापत्रक चालू राहते. कॅमेरा आणि वाय-फाय बंद. यंत्राचे वाय-फाय सुरू राहिले तरी उपयोग नाही, कारण घरचा राउटर त्याच विजेवर असतो. पाण्याचे विजेवरचे कारंजे ठेवले असेल तर तेही थांबते. म्हणून साध्या वाट्यांत पाणी हवेच, तेही दोन-तीन वेगवेगळ्या जागी. एक वाटी लवंडली तरी दुसरी उरते.

वेळापत्रक कुठे साठवलेले आहे, हे विकत घेण्यापूर्वी विचारायला हवे. ते यंत्राच्या आतच असेल तर इंटरनेट गेले तरी दाणे पडतात. सगळा कारभार कंपनीच्या सर्व्हरवरून चालत असेल, तर सर्व्हर बसला की जेवण बसले. हे नुसते तर्कट नाही. अमेरिकेतील पेटनेट या कंपनीच्या स्मार्ट फीडरबाबत जुलै २०१६ मध्ये सर्व्हरच्या बिघाडाने काही तास गोंधळ झाला आणि प्राण्यांना हाताने खायला द्या, असे ग्राहकांना कळवण्याची वेळ आली. फेब्रुवारी २०२० मध्ये याच कंपनीची सेवा सुमारे आठवडाभर कोलमडली. आपल्याकडे सर्व्हर बसायचीही गरज नाही. ब्रॉडबँडचा महिन्याचा प्लॅन विसर्जनाच्या आदल्या दिवशी संपला तरी पुरे.

सोपी चाचणी अशी की निघण्याच्या आठवडाभर आधी घरी असताना राउटर बंद करावा, मग यंत्राचा प्लगही काढावा आणि पुढची दोन जेवणे वेळेवर पडतात का ते पाहावे. मोटरच्या आवाजाला मांजर बिचकते का, हेही तेव्हाच कळते. बुजरी मांजरे नव्या यंत्राजवळ दोन-दोन दिवस फिरकत नाहीत, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी खोका उघडणे सगळ्यांत वाईट.

पावसाळ्याचे एक वेगळेच दुखणे. भाद्रपदातल्या दमट हवेत उघडे पाकीट जसे मऊ पडते तसेच डब्यातले दाणेही पडतात, चाकाला चिकटतात आणि वाट अडवतात. झाकणाची रबरी कड घट्ट असावी, आत ओलावा शोषणारी पुडी असावी आणि डबा आठ दिवसांचा न भरता लागेल तेवढाच भरावा. मुंग्यांवर आजीच्या काळचा उपाय अजूनही चालतो. यंत्र पाटावर आणि पाट पाणी घातलेल्या परातीत. वायर मात्र पाण्याला न लागता वरून न्यावी.

घरात दोन मांजरे असतील तर आणखी एक गोष्ट. एक वाटी म्हणजे दांडगटाची वाटी. मांजराच्या कातडीखालील मायक्रोचिप ओळखून फक्त त्याच्यासाठी झाकण उघडणारे फीडर मिळतात. एकाला औषधी पथ्याचे खाद्य असेल तर तेच घ्यावेत.

मग किती दिवस चालेल?

तब्येतीने धडधाकट, वयात आलेले, कोरड्या खाद्याला आणि यंत्राला सरावलेले मांजर असेल, तर एक रात्र म्हणजे जवळपास २४ तास फीडरच्या भरवशावर काढायला हरकत नसावी. त्यापुढे दिवसातून निदान एकदा माणूस घरात यायला हवा. पिल्लू, म्हातारे मांजर, मधुमेहाचे इन्शुलिन चालू असलेले किंवा लघवीचा त्रास होऊन गेलेला बोका यांच्यासाठी एका रात्रीची सूटही देऊ नये. काही विक्रेते डब्याच्या क्षमतेवरून ‘पंधरा दिवसांची चिंता मिटली’ अशी जाहिरात करतात. डब्यात पंधरा दिवसांचे दाणे मावतात, इतकेच त्यातले खरे. लिटर बॉक्स तर दुसऱ्याच दिवशी भरतो आणि बॉक्स घाण झाला की मांजर गादी शोधते.

कायद्याच्या नजरेतही जबाबदारी मालकाचीच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज एवढ्यात मांजराच्या ग्रेव्हीचे एखादे छोटे पाकीट जेमतेम येते, तेव्हा धाक वाटावा असे त्या कलमात फारसे काही नाही.

त्यामुळे यंत्र घेतले तरी चावी काकूंकडे द्यावीच. फरक इतकाच, की फीडरमुळे त्यांचे काम हलके होते. पहाटे आणि रात्री यायची गरज नाही, सोयीच्या वेळी पंधरा मिनिटे पुरतात. ‘जरा बघून जा’ एवढे सांगून मात्र निघू नये, कारण काय बघायचे हे मांजर न पाळलेल्या माणसाला ठाऊक नसते. वाटीत किती दाणे उरलेत, लिटरमध्ये लघवीचे गोळे आहेत का, मांजर डोळ्यांनी दिसले का, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावाव्यात. मांजर समोर आले नाही तर पलंगाखाली, कपाटावर आणि वॉशिंग मशीनच्या मागे पाहायला सांगावे. त्याच कागदावर जवळच्या पशुवैद्यकाचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर असावा. डॉक्टरांच्या खर्चाला परवानगी विचारत बसू नका, हेही आधीच सांगून ठेवावे, कारण गावाकडे फोनला रेंज असेलच असे नाही. मांजर न्यायची पेटी माळ्यावर न ठेवता दाराजवळ ठेवावी, दार उघडे आणि आत जुनी चादर घालून.