पाककृतींची वही फोनमध्ये ठेवताना

मैत्रिणींनो, आपल्या घरातल्या पाककृती किती ठिकाणी विखुरल्या आहेत, ते एकदा मोजून पाहा. फडताळात दोन-तीन पुस्तकं, सासूबाईंची वही, कॅलेंडरच्या मागची पानं, मासिकांतली कात्रणं, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर नणंदेनं पाठवलेलं काहीबाही. ऐन दिवाळीत अनारशाचं प्रमाण हवं असतं तेव्हा नेमकं तेच सापडत नाही!

सापडत नाही ते एक वेळ चालेल, पण नाहीसंच झालं तर? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. घराघरांत पाणी शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. भांडी धुऊन घेता येतात, गाद्या नव्या आणता येतात. आईच्या हातची वही मात्र दुकानात मिळत नाही. म्हणून तिची एक प्रत फोनमध्ये हवीच.

आता तुम्ही म्हणाल, कुठलं ॲप घ्यावं? निवडण्यापूर्वी चार गोष्टी विचारा.

१. मराठीत लिहून मराठीतच शोधता येतं का?
२. नेट नसताना उघडतं का?
३. घरातल्या दुसऱ्या फोनवरही दिसतं का?
४. उद्या ते बंद पडलं, तर आपलं लिखाण बाहेर काढता येतं का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, बरं का! यमली नावाचं परदेशी पाककृतींचं ॲप फार गाजलेलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंदच झालं. दुसऱ्याच्या कपाटात दागिने ठेवताना किल्ली आपल्याकडे हवी, तसंच हे.

पॅप्रिकासारखी खास ॲप्स वेबसाइटवरची कृती आपोआप उतरवून घेतात, चार माणसांचं प्रमाण आठांना करून देतात. पण ती विकत घ्यावी लागतात, फोनसाठी वेगळी आणि संगणकासाठी वेगळी. इंग्रजी कृती फार जमवत असाल तरच तो खर्च करावा. आपल्या वरण-भाताच्या घराला गूगल कीपसारखी साधी नोंदवही पुरते. ती फुकट आहे, 'उपवास', 'फराळ', 'साठवणीचे' अशा चिठ्ठ्या लावता येतात, आणि बहिणीलाही त्यात सामील करता येतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून घेतो. नंतर एकदा वाचून पाहा म्हणजे झालं.

छापील पुस्तकं मात्र उतरवत बसू नका. गूगल शीटमध्ये फक्त यादी करा: पदार्थ, पुस्तक, आवृत्ती, पान. आवृत्ती अशासाठी की, तुमच्या आईच्या 'रुचिरा'तलं पान आणि तुमच्या प्रतीतलं पान एकच असेल असं नाही.

लिहिताना दोन पथ्यं पाळा. पहिलं, नावाचं. आपल्या सातारा-सांगलीकडे कांदा-लसूण मसाल्याला नुसतं 'चटणी' म्हणतात. मुलगी पुण्याहून 'मसाला' शोधेल, तर तिला काही सापडायचं नाही. दोन्ही नावं लिहा. 'थालीपीठ' एकदा दीर्घ, एकदा ऱ्हस्व असंही नको. फोन बिचारा अक्षर पाहतो, अर्थ नाही.

दुसरं, मापाचं. १९७० साली सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं, आणि कितीतरी नवख्या सुना त्यावर स्वयंपाक शिकल्या. पण घराघरातली वाटी निराळी. आपली वाटी एकदा पाण्यानं भरून मापून घ्या आणि 'आमची वाटी १५० मिली', जी असेल ती, पहिल्याच नोंदीत लिहून टाका.

हस्तलिखित वहीचे फोटो दिवसाउजेडी काढा आणि त्या त्या कृतीला जोडा. गूगल लेन्स छापील मराठी बरंचसं वाचतं, पण हस्ताक्षरावर त्याचा भरवसा धरू नका. 'पाव'चा 'पाच' झाला, तर मिठाचं काय होईल, सांगायला नको! आणि हे सगळं एकटीच्याच खात्यात ठेवू नका. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. वर्षातून एकदा साऱ्या नोंदींची प्रत काढून मुलांकडेही ठेवा.

सुरुवात कुठून करायची? ज्या कृतीपुढे 'अंदाजे' लिहिलंय, तिथून. सासूबाईंची किंवा आईची ती मूठ, ती चिमूट अजून वहीत उतरलेली नाही. येत्या रविवारी त्यांच्या शेजारी वाटी आणि चमचा घेऊन बसा. त्यांनी मूठ भरली की ती आधी वाटीत ओतून मापा, मग पातेल्यात जाऊ द्या. फोन काय, पुढल्या आठवड्यातही मिळेल.