पांढऱ्या ठिपक्यांचे मोजमाप



गेल्या महिन्यात शेजारच्या काकी एमआरआयचा अहवाल घेऊन आल्या. वय 75. हल्ली नावे आठवत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार. परंतु अहवालातील ‘फाझेकास श्रेणी 2’ या शब्दांनी घरातील सर्वांची झोप उडाली होती.

मेंदूच्या अंतर्भागातील चेतातंतूंच्या जाळ्यास श्वेतद्रव्य म्हणतात. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या वयोमानाने, आणि त्याहून अधिक दीर्घकाळच्या रक्तदाबाने, कठीण व अरुंद होत जातात. ज्या जागी हानी होते, त्या ‘फ्लेअर’ पद्धतीच्या चित्रात शुभ्र ठिपक्यांसारख्या उमटतात. साठीनंतर बहुसंख्यांच्या मेंदूत असे काही ठिपके आढळतात. ते म्हणजे स्मृतिभ्रंशाचे निदान नव्हे. 1987 मध्ये फाझेकास व सहकाऱ्यांनी त्यांची 0 ते 3 अशी श्रेणी लावली. मात्र ती नजरेने ठरते. आत वाढ झाली, तरी चार वर्षांनी श्रेणी 2 ची 2 च राहू शकते.

ती वाढ आता संगणक मोजतो. तज्ज्ञांनी हाताने रेखाटलेल्या चित्रांवरून शिकलेली प्रणाली चित्राचा कणन्‌कण तपासून ठिपक्यांचे आकारमान मिलिलिटरमध्ये सांगते. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ अभ्यासाचे या विषयीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब 120 च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सुमारे चार वर्षांत सरासरी वाढ 0.92 मिलिलिटर होती. 140 च्या गटात 1.45. अर्ध्या मिलिलिटरचा हा फरक कोणत्या डोळ्याला दिसला असता? (120 हे सर्वांचे उद्दिष्ट नव्हे. वृद्धांना चक्कर येऊ शकते; ते डॉक्टरांनीच ठरवावे.)

यंत्रही चुकते. रुग्ण हलला, जुन्या पक्षाघाताचा डाग मोजणीत आला, एक चित्र सोलापुरात व दुसरे पुण्यात निराळ्या यंत्रावर काढले, तर आकडा बदलतो.

काकींशी बोलता बोलता निराळेच उघड झाले. दशलक्षण पर्वातील उपवासांत त्या रक्तदाबाची गोळी परस्पर बंद ठेवतात. एरवीही सायंकाळची गोळी सूर्यास्त झाला म्हणून राहून जाते. घरात कोणालाही याची कल्पना नव्हती, डॉक्टरांना तर नव्हतीच. व्रत सोडा, असे त्यांना कोण सांगणार? पण दिवसातून एकदाच घ्यावयाच्या गोळ्याही असतात. डॉक्टरांनी तशी गोळी सकाळसाठी लिहून दिली, उपवासाच्या दिवसांचे वेगळे सांगितले आणि नवा एमआरआय तूर्त नको म्हणाले. आता मंदिरातून परतल्यावर सून त्यांचा रक्तदाब मोजून वहीत लिहिते.