गाण्याखाली मराठी ओळ द्या, बाकी आम्ही बघतो!



माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. उतारा वाचायला सांगितला की मान खाली. जोडाक्षर आलं की गाडी थांबलीच. पण 'सैराट'मधलं 'झिंगाट' त्याला अख्खं पाठ! (गाणं तिसरीच्या मुलाच्या वयाचं आहे का, हा वेगळा वाद. ते मी शिकवलेलं नाही, घरच्या मोबाईलने शिकवलंय.)

एक दिवस मी त्याच गाण्याच्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. गडी उठला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचत गेला. पाठ होतं म्हणून म्हणाला, हे मलाही कळतं. म्हणून मी मधला एक शब्द पुसला आणि विचारलं, "कुठला गेला रे?" त्याने बरोबर सांगितला. मग त्या शब्दातलं पहिलं अक्षर भिंतीवरच्या तक्त्यात शोधून दाखवलं. हे मात्र पाठांतर नव्हतं.

ही युक्ती माझी नाही बरं का. आयआयएम अहमदाबादचे प्राध्यापक ब्रिज कोठारी यांना १९९६ मध्ये हीच गोष्ट सुचली. ज्या भाषेतलं गाणं, त्याच भाषेत खाली ओळ द्यायची आणि जो शब्द गायला जातोय त्याचा रंग बदलायचा. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार' आणि 'रंगोली'मध्ये हे झालं. प्रेक्षकाला वेगळं काही करावं लागत नाही. कान शब्द ओळखतोच, डोळा त्याच्या मागोमाग जातो.

आता आपल्याकडे बघा. करमणुकीच्या धंद्यातली मंडळी शाळेला मदत करतात ती कशी? एखादा कलाकार येतो, वह्या वाटतो, फोटो होतो. एखादी कंपनी टीव्ही संच देते. चांगलंच आहे, नको कोण म्हणेल? पण वर्षभरात त्या संचाचा रिमोट हरवतो आणि त्यावर कपाटाची धूळ बसते. (आमच्याकडचा रिमोट दोनदा हरवला.) त्यापेक्षा रोज संध्याकाळी घरोघरी ज्या मालिका चालतात, त्यांचे संवाद आधीच मराठीत लिहिलेले असतात ना? तेच पडद्यावर खाली द्या की! गाण्यांचे शब्दही तयारच असतात. इंटरनेटवर कित्येक मराठी गाण्यांचे शब्द दिसतात, पण ते इंग्रजी अक्षरांत. आमच्या लेकरांनी मराठी वाचायचं की इंग्रजी अक्षरांतली मराठी उलगडत बसायचं? देवनागरीत टाकायला असा कितीसा खर्च येतो? शिवाय ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांना तर ती मालिका पहिल्यांदाच नीट समजेल.

कुणी म्हणेल, त्यासाठी सरकारी वाहिन्या आहेत. आहेत. पुण्यात १९८४ पासून 'बालचित्रवाणी' मुलांसाठी कार्यक्रम बनवत होती, ती २०१७ मध्ये बंद झाली. कोरोनात शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, तेव्हा टीव्हीवर शिकता येतं हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण मुलं एरवी जे आवडीने बघतात, त्यातच अक्षरं आली पाहिजेत. त्यासाठी वेगळा 'शैक्षणिक कार्यक्रम' नको.

आणि हो, ओळी आल्या म्हणजे शिक्षक नको, असा अर्थ कुणी काढू नये. चार वर्ग आणि दोन गुरुजी असलेल्या शाळेत रिक्त जागा भरायच्याच आहेत. वर्णमाला, जोडाक्षरं, वाक्याचा अर्थ हे आपणच शिकवणार. पण शाळेत शिकवलेलं घरी गेल्यावर विसरतं, कारण कित्येक घरांत पाठ्यपुस्तक सोडून वाचायला छापलेलं काहीच नसतं. टीव्ही मात्र असतो.

पालकहो, तोपर्यंत एवढं करा. मुलाचं आवडतं मराठी गाणं त्याच्यासमोर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि चालू गाण्याबरोबर बोट फिरवायला सांगा. गाण्याची निवड तुमची! माझ्या वर्गात पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला नवीन गाणं निवडायला सांगितलंय. दोन नावं घेऊन आलाय, दोन्ही मला फळ्यावर लिहिता येणार नाहीत अशी आहेत. तिसरं शोधतोय.